उत्तरापेक्षा कारण मोठे!

२१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचे शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात छापले गेले आणि या खेळाचे वेड जगभर पसरले. आपल्या मराठी कोड्यातलेच उदाहरण घ्या. सूचना आहे ‘कमळ’, घरे तीन. पंकज, नीरज, सरोज, राजीव – चारही शब्द बसतात! मग खरा कोणता? उभ्या शब्दामुळे मधल्या घरात ‘रो’ आला, की ‘सरोज’ टिकतो; बाकीचे खोडायचे. शास्त्रज्ञही असाच तर्क करतो, पडताळतो आणि चुकल्यास सोडून देतो. म्हणून दुसऱ्या दिवशीची छापील उत्तरे नुसती उतरवून घेणे मला पटत नाही. ‘सरोज’च का? सरस् म्हणजे तळे, ज म्हणजे जन्मलेले. एवढे धाकट्या भावंडाला समजावता आले, तरच कोडे सुटले म्हणावे!