घाटाचा राजा हा दुय्यम किताब नव्हे

सायकल शर्यतींचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. टूर द फ्रान्स जिंकतो तोच खरा सायकलपटू, बाकीचे किताब त्याच्या खालचे. याच मताचे घरगुती रूप असे: मुंबई-पुणे शर्यतीत पुण्यात पहिला येतो तो विजेता, आणि बोरघाट सर्वांत आधी चढून ‘घाटाचा राजा’ ठरणाऱ्याला मिळते ते उत्तेजनार्थ बक्षीस. आमच्या गावी, गडबला, हे ऐकतो, पेणला ऐकतो, घाटाच्या पायथ्याशी खोपोलीतही ऐकतो. मला ही दोन्ही मते मुळातच चुकीची वाटतात.

या मताच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य करू. टूर ही जगातली सर्वांत कठीण आणि सर्वांत तगडे स्पर्धक असलेली शर्यत आहे. एकवीस टप्पे, तीन आठवडे, साधारण ३४०० किलोमीटर. त्यात एक दिवस ढिला पडला तरी सगळे हातचे जाते. अशा शर्यतीच्या पिवळ्या जर्सीचा मान कमी करण्याचे कारणच नाही. पण ती जर्सी मोजते काय? तीन आठवडे रोज थकून रोज सावरण्याची ताकद, आल्प्स-पिरनीजची चढण आणि घड्याळाविरुद्धची एकट्याची धाव. सायकल शर्यतीतले कौशल्य एवढ्यावर संपत नाही.

बेल्जियमचे उदाहरण घ्या. त्या देशाच्या सायकलपटूने टूर जिंकल्याला पन्नास वर्षे होत आली. शेवटचा विजेता १९७६ चा लुसियाँ व्हॅन इम्पे. तरीही तिथे सायकलिंगचे वेड तसूभर कमी झालेले नाही. तिथल्याच टॉम बोनेनने टूरचे एकूण विजेतेपद कधीच मिळवले नाही. मात्र एका दिवसाच्या शर्यतींपैकी पॅरिस-रूबे चार वेळा, टूर ऑफ फ्लँडर्स तीन वेळा आणि २००५ चे विश्वविजेतेपद त्याच्या नावावर आहे. फ्लँडर्सच्या माणसाला त्याला दुसऱ्या रांगेत बसवायला सांगून पाहा. दगडी फरसबंदी, आडवा वारा आणि पावसाळी चिखल यांत सहा-सहा तास घोळक्याच्या पुढे टिकणे हे पर्वत चढण्याहून हलके काम नाही, वेगळे काम आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनाही क्रमवारीत टूरच्या विजेत्याला १३०० गुण देते आणि अशा एका दिवसाच्या मोठ्या शर्यतीच्या विजेत्याला ८००. तीन आठवड्यांपुढे एक दिवस, तरी गुण निम्म्याहून अधिक!

दुसरा आक्षेप विश्वविजेतेपदावर घेतला जातो: एका दिवसाची शर्यत, नशिबाचा खेळ. नशीब एकदा साथ देते. पीटर सागान २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी जिंकत गेला आणि तिन्ही वर्षी मार्ग वेगळा, देश वेगळा. आल्फ्रेदो बिंदा, एडी मर्क्स, ऑस्कर फ्रेरे यांनीही ती तीनदा जिंकली. याला नशीब म्हणणे हा या माणसांच्या श्रमांचा अपमान आहे.

आता घाटाकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे गुंतला आहे. टूरमध्ये पर्वतराजाचा किताब १९३३ मध्ये सुरू झाला. पहिला मानकरी स्पेनचा व्हिसेंते त्रुएबा. तो माथ्यावर पहिला पोहोचे आणि उतारावर मागचे त्याला गाठत. म्हणून तो कमी चढला का? पुढे १९७५ मध्ये या किताबाला ठिपक्यांची जर्सी मिळाली. पण हा किताब गुणांच्या बेरजेवर ठरतो. त्यामुळे तो दरवेळी सर्वोत्तम चढणाऱ्यालाच मिळतो असे नाही. २०२३ मध्ये तो जूलिओ चिकोनेने जिंकला. त्या वर्षी पर्वतांत योनास विंगेगार त्याच्याहून सरस होता, हे सगळ्यांनी पाहिले.

बोरघाटात हा गोंधळ नाही. एकच घाट, एकच माथा, पहिला तो राजा. खोपोली सोडली की दहा-बारा किलोमीटरांत साधारण ५०० मीटर चढायचे, वाटेत शिंग्रोबाचे देऊळ, पुढे वळणामागून वळण. टूरचा पर्वतराजाचा किताब जो निवाडा गुणांच्या गणितातून करू पाहतो, तो इथे रस्ताच करतो. माथ्यानंतर लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर बहुतांशी सोपा रस्ता आहे. तिथे घोळक्याची ताकद चालते, संघाची चालते, शेवटच्या दोनशे मीटरचा वेग चालतो. घाटात एकटा पुढे गेलेल्याला मागून येणारा जथा त्या सपाटीवर गिळतो. त्याला पुण्यात हरवले ते वेगळ्याच कौशल्याने. मग घाटावरचा त्याचा विजय खोटा कसा ठरतो?

कुस्तीत आपण ही चूक करत नाही. खाशाबा जाधवांचे १९५२ चे ऑलिंपिक कांस्य बँटमवेट गटातले होते. ते हेवीवेटचे नाही म्हणून कुणा मराठी माणसाने त्याची किंमत कमी केली? चढणावर हलके अंग कामी येते, सपाटीवर वाऱ्याला भेदायला भरदार मांड्या लागतात. म्हणजे रस्त्यावरही वजनगट असतातच, फक्त कुणी तराजू घेऊन उभे नसते.

गडब सपाट आहे. खारेपाटातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर सराव करणाऱ्या पोराला खाडीकडून येणारा वारा मिळतो, घाट मिळत नाही. तो पोरगा बोरघाटाचा राजा बहुधा होणार नाही. पण सपाटीवर आडव्या वाऱ्यात घोळका फोडायला तो शिकेल. त्याच्या या गुणाला आपल्या शर्यतींत स्वतंत्र किताब हवा, आणि निकालाच्या बातमीत घाटाच्या राजाचे नाव, घाट चढायला लागलेल्या वेळेसह, पुण्याच्या विजेत्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जायला हवे.