कारखान्याचे आकडे आणि कामगारांचा हक्क

मोठ्या कारखान्यात एकाच मालाचे चार हिशेब नांदत असतात. उत्पादन खात्याच्या नोंदीत एक आकडा, कोठाराच्या वहीत दुसरा, दुरुस्ती खात्याच्या फळ्यावर तिसरा आणि हिशेबनिसाच्या कागदावर चौथा. हे सारे आकडे जुळवून एकाच पडद्यावर दाखवणाऱ्या संगणकप्रणाली आज उद्योगांत वेगाने येत आहेत. २०११ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथील औद्योगिक प्रदर्शनात 'इंडस्ट्री ४.०' ही घोषणा झाली, तेव्हापासून या लाटेला नावही मिळाले आहे. आपल्याकडील कारखानेही तिच्यापासून दूर राहिलेले नाहीत.

केवळ कामगारकपातीच्या भीतीने या व्यवस्थेला विरोध करणे किंवा प्रगती म्हणून तिचे भाबडे स्वागत करणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. माहिती एकत्र आणणे ही मुळात वाईट गोष्ट नाही. कच्चा माल कोठे पडून आहे आणि कोणते यंत्र कशामुळे अडले आहे हे ठाऊक नसेल, तर नियोजन म्हणजे कागदी घोडे नाचवणेच होय. खरा प्रश्न असा की, एकत्र आलेली माहिती पाहण्याचा आणि तिच्यावरून निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नावर इतिहासाने दिलेले धडे आजही उपयोगी आहेत.

नोव्हेंबर १९७० मध्ये चिलीत साल्वादोर आयेंदे यांचे सरकार सत्तेवर आले आणि अनेक मोठे उद्योग सार्वजनिक मालकीचे झाले. त्यांचा कारभार एका सूत्रात गोवण्यासाठी 'कॉर्फो' या सरकारी विकास महामंडळातील तरुण अभियंते फर्नांडो फ्लोरेस यांनी जुलै १९७१ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांना पत्र लिहिले. त्यातून 'सायबरसिन' हा प्रकल्प उभा राहिला. साधने तुटपुंजी होती. आधीच्या सरकारने घेऊन ठेवलेली टेलेक्स यंत्रे कारखान्यांत बसवली गेली आणि राजधानी सांतियागोमध्ये संगणक होता. कच्चा माल, ऊर्जा, कामगारांची गैरहजेरी असे मोजकेच आकडे कारखान्यांकडून मागवायचे आणि संगणकाने त्यांतील असाधारण चढउतार तेवढे टिपायचे, अशी योजना होती. बिघाडाची सूचना प्रथम त्या कारखान्यालाच मिळावी आणि ठरलेल्या मुदतीत तेथे मार्ग निघाला नाही तरच ती वरच्या पातळीवर जावी, असा बीअर यांचा आग्रह होता. या योजनेचे मर्म याच नियमात होते.

ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप करून देशाची कोंडी केली. कोणता रस्ता खुला आहे, कोठे टंचाई आहे, ही माहिती टेलेक्सवरून मिळवून सरकारने हाताशी राहिलेल्या सुमारे २०० ट्रकांच्या साहाय्याने अत्यावश्यक पुरवठा चालू ठेवला. मात्र कोंडी टेलेक्सने फोडली असे म्हणणे ही अतिशयोक्ती होईल. अनेक ठिकाणी कामगारांनीच कारखाने चालू ठेवले आणि मालाच्या वाटपाची जबाबदारी उचलली. तसेच संप मिटवण्यासाठी आयेंदे यांना लष्करी अधिकाऱ्यांना मंत्रिमंडळात घ्यावे लागले. यंत्राचा उपयोग झाला तो त्याच्या दोन्ही टोकांना काम करणारी माणसे एका ध्येयाने बांधलेली होती म्हणून.

या प्रयोगाचे उणेपणही सांगितले पाहिजे. कामगारांचा सहभाग हे उद्दिष्ट असूनही, कारखान्याचा आराखडा तयार करायला गेलेले अभियंते बहुतांशी व्यवस्थापकांशीच बोलले. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचे ज्ञान आराखड्यात फारसे उतरले नाही. ही त्रुटी भरून काढण्यास अवधीच मिळाला नाही. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावात लोकशाही सरकारबरोबर हा प्रकल्पही संपला.

सोव्हिएत संघातील अनुभव याहून वेगळा आहे. कीव्हचे गणिती व्हिक्टर ग्लुश्कोव्ह यांनी १९६० च्या दशकात सर्व देशातील आर्थिक माहिती संगणकांच्या जाळ्याने जोडण्याची योजना मांडली. ऑक्टोबर १९७० मध्ये पॉलिटब्यूरोपुढे अर्थमंत्रालयाच्या विरोधामुळे ती तिच्या व्यापक स्वरूपात नामंजूर झाली. पुढे प्रत्येक मंत्रालयाने आपापली, एकमेकांशी न जुळणारी संगणककेंद्रे उभारली. ज्या खात्याची सत्ता आकडे राखून ठेवण्यावर अवलंबून असते, ते खाते आकडे वाटून देत नाही. खाली कारखान्यांतही तेच होते. यंदा जास्त उत्पादन दाखवले तर पुढच्या वर्षी लक्ष्य वाढणार हे ठाऊक असल्याने व्यवस्थापक आपली क्षमता लपवत असत.

हा दोष केवळ नोकरशाहीचा नाही, खाजगी कारखान्यातही तो तितकाच संभवतो. यंत्र बंद राहिल्याचे प्रत्येक मिनिट आपल्या पगारावर येणार असेल, तर कामगार बंद पडण्याचे खरे कारण कशाला नोंदवील? मग लाखो रुपयांच्या प्रणालीत जमा होतात ते भीतीने घडवलेले आकडे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? खरी माहिती हवी असेल तर ती देणाऱ्याला निर्भय करावे लागते.

आकडे कामगारांना दाखवले तर धंद्याची गुपिते फुटतील, असा आक्षेप घेतला जाईल. नॉर्वेचा अनुभव त्याला पुरेसे उत्तर देतो. तेथील लोखंड व धातू कामगार संघटनेने १९७० च्या दशकाच्या आरंभी क्रिस्टेन न्यूगोर या संगणकतज्ज्ञांच्या साहाय्याने स्वतः या यंत्रणांचा अभ्यास केला. १९७५ मध्ये कामगार आणि मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांत करार होऊन, नव्या प्रणालीची माहिती आधी मिळवण्याचा आणि त्यासाठी आपला खास प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार कामगारांना मिळाला. त्याने तेथील उद्योग बुडाले नाहीत.

आपल्या संविधानात १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ४३ अ कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाविषयी आहे. मार्गदर्शक तत्त्वांतील हे कलम न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाही. म्हणून त्यात प्राण भरण्याचे काम संघटनांनाच करावे लागेल. पुढील वेतनकराराच्या मागणीपत्रात त्यांनी चार गोष्टी घालाव्यात. कोणत्या यंत्रावर कोणती नोंद घेतली जाते हे जाहीर व्हावे. विभागाचे आकडे वर जाण्यापूर्वी त्याच विभागाला दिसावेत. केवळ यंत्राच्या नोंदीवरून, कामगाराचे म्हणणे न ऐकता, कोणावरही कारवाई होऊ नये. आणि नवी प्रणाली आणताना कामगारांनी निवडलेला, प्रशिक्षित प्रतिनिधी चर्चेत असावा. हे हक्क कंत्राटी कामगारालाही मिळालेच पाहिजेत, कारण यंत्रापाशी आज अनेकदा तोच उभा असतो.

मागणीपूर्वी अभ्यास हवा. प्रत्येक शाखेने आपल्या कारखान्यात कोणते आकडे गोळा होतात, ते कोठे जातात आणि त्यांवरून कोण काय ठरवतो, याची यादी कामगारांकडूनच तयार करून घ्यावी. ती हाती आल्यावर वाटाघाटीच्या मेजावर आपण रिकाम्या हातांनी बसणार नाही.