घरचा कुत्रा गुरगुरतो तेव्हा

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत आदेश दिले आणि देशभर चर्चा झाली. घरात पाळलेल्या कुत्र्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. तो चावला की नातेवाईक सांगतात, "डॉक्टर, आमचा कुत्रा कधीच चावत नाही, आज अचानक चावला." माझे मत असे की घरचा कुत्रा सहसा अचानक चावत नाही. तो आधी सांगतो, पण आपल्याला ते कळत नाही.

त्रास होऊ लागला की कुत्रा तोंड फिरवतो, ओठांवरून जीभ फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो. तरीही आपण थांबलो नाही तर गुरगुरतो. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे, असेही नाही. गुरगुरला म्हणून त्याला मारले तर तो गुरगुरणे सोडेल, पण भीती तशीच राहील. मग पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावू शकतो.

म्हणून घरातले नियम आधी माणसांसाठी हवेत:

१. कुत्रा खाताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावू नये.

२. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये. मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा अनेकदा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो.

३. सर्वांची शिस्त एकच असावी. बाबा रागावतात आणि आजी ताटातली पोळी देते, अशाने कुत्रा गोंधळतो.

४. चांगले वागल्यावर लगेच शाबासकी द्यावी. मारू नये.

५. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला गच्चीवर बांधून ठेवू नये. सावली आणि पाणी हवेच. फिरायला पहाटे किंवा उशिरा संध्याकाळी न्यावे.

शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला तर कान, दात किंवा सांधे दुखत असतील. आधी पशुवैद्यांना दाखवा.

एवढे करूनही चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घाटीसारख्या सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागू शकते. "आमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिले आहे" म्हणून घरी थांबू नका. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी उपचार लांबवू नका. लसीचे सर्व डोस ठरलेल्या तारखांना घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो.

कुत्रा पाळणे ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच्या लसीकरणाचे कार्ड मात्र घरातल्या मुलांच्या कार्डाइतकेच जपा, आणि तो गुरगुरला की मागे सरा.