वाहनतळाचे पैसे आणि पावती

सार्वजनिक वाहनतळावरील शुल्क नागरिकांकडून कोणत्या मार्गाने घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता इतका क्षुल्लक वाटतो की, त्यावर अग्रलेख लिहावयाचा काय, असे एखादा वाचक विचारील. दहा-वीस रुपयांची ती बाब; खिशातून काढून दिले की संपले! परंतु हे दहा-वीस रुपये दररोज हजारो लोक देत असतात, ज्या जागेसाठी ते देतात ती जागा सार्वजनिक मालकीची असते आणि त्यांपैकी किती पैसे सार्वजनिक तिजोरीपर्यंत पोहोचतात हे देणाऱ्यास कधीच कळत नाही. या तीन गोष्टी एकत्र केल्या म्हणजे प्रश्न तितकासा क्षुल्लक राहत नाही.

पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ च्या मार्चमध्ये वाहनतळ धोरण संमत केले, तेव्हा शहरात केवढा गदारोळ उठला होता हे वाचकांस आठवत असेल. विरोध इतका झाला की, ते धोरण प्रथम पाच रस्त्यांपुरतेच आखडते घ्यावे लागले. त्या वेळी वादाचा बहुतेक भर दर किती असावा यावर होता. पैसे कोणत्या रीतीने घ्यावयाचे व त्यांचा हिशेब कोणी ठेवावयाचा, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच होता. नागरिक पैसे देण्यास नाखूष असतो तो सर्वस्वी चिक्कूपणामुळे नव्हे. दिलेला पैसा कोठे जातो याविषयी त्याच्या मनात विश्वास नसतो, हेही त्याचे एक मोठे कारण होय.

आता या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे. पथकर नाक्यांवर फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला. पुढे १५ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने असा नियम अमलात आणला की, वैध फास्टॅग नसलेल्या वाहनचालकाने यूपीआयने पैसे दिल्यास त्यास सव्वापट पथकर पडावा आणि रोख दिल्यास दुप्पट. हाच कित्ता शहरातील वाहनतळांनीही गिरवावा, रोख रकमेला फाटा द्यावा, म्हणजे गैरव्यवहार आपोआप थांबेल, असा विचार अनेक सुबुद्ध माणसे बोलून दाखवितात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. पण पथकर नाका आणि मंडईजवळचा वाहनतळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. नाक्यावर मैलभर रांग लागते आणि रोख रकमेच्या मोडीसाठी एक वाहन थांबले की मागची शंभर थांबतात; तेथे घाई करण्यास सबळ कारण आहे. शिवाय दुचाकीस पथकर नाही, म्हणून फास्टॅगही नाही. पुण्यात तर दुचाकींचीच संख्या सर्वांत मोठी! दिल्लीतील काश्मिरी गेट मेट्रो स्थानकावर २०२१ च्या जुलैमध्ये फास्टॅगवर चालणारा वाहनतळ सुरू झाला, तेव्हा तेथेही दुचाकीस्वारांसाठी मेट्रोच्या स्मार्टकार्डाची निराळी सोय ठेवावी लागली. जी पद्धत मोटारवाल्यास सुखाची, ती स्कूटरवाल्याच्या उपयोगाची असेलच असे नाही.

गैरव्यवहाराचे मूळ मात्र रोख रकमेत आहे काय? आपल्याकडील वाहनतळ बहुधा ठेकेदारीने चालतात. ठेकेदार वर्षाकाठी एक ठरावीक रक्कम महापालिकेस देतो आणि त्यानंतर जे काही जमेल ते त्याचे. या व्यवस्थेत रोज किती वाहने आली आणि किती वेळ उभी राहिली हे मोजण्याची महापालिकेस निकड उरत नाही. मोजले नाही म्हणजे त्या जागेची खरी कमाई कळत नाही. आणि खरी कमाई न कळताच पुढल्या निविदेचा आकडा ठरतो. अंधारात ठरलेल्या या आकड्यावर पुन्हा कित्येक वर्षांचा करार होतो. इकडे वाहनतळावर दरांचा फलक एक तर नसतो किंवा असला तर एखाद्या झाडाआड. पावती मागितली तर माणूस त्रासिक नजरेने पाहतो, दिलीच तर ती परत जाताना काढून घेतो आणि तीच पावती पुढच्या वाहनाच्या हँडलवर जाऊन बसते. हा प्रकार ज्याने पाहिला नाही असा पुणेकर विरळा. यात उन्हातान्हात उभ्या असणाऱ्या त्या गड्यास आम्ही दोष देऊ इच्छीत नाही. तुटपुंज्या मजुरीवर तो राबतो आणि त्याला जे शिकविले तेच तो करतो. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिच्यात न मोजण्यातच सगळ्यांची सोय आहे.

या संदर्भात एस. टी.च्या वाहकाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पिढ्यानपिढ्या तो रोख पैसे घेत आला. खेड्यापाड्यांतून, गर्दीत, धक्के खात तो नोटा मोजतो, मोड देतो. पण तिकीट दिल्याखेरीज तो पुढे सरकत नाही, कारण वाटेत तपासनीस चढला तर प्रत्येक उताराचे तिकीट आणि पिशवीतली रक्कम यांचा मेळ त्याला घालून द्यावा लागतो. त्याच्या हातात तिकीट छापणारे यंत्र येऊनही आता बरीच वर्षे लोटली. जे काम धावत्या बसमध्ये होते, ते जागच्या जागी उभ्या असलेल्या वाहनतळावर होऊ नये काय? रोख रक्कम ही चोरीची जननी नव्हे. स्थळप्रत नसलेली रोख रक्कम ही आहे. वाहनतळावरील माणसाच्या हातात तसलेच यंत्र दिले, वाहनाचा क्रमांक व वेळ नोंदल्यावाचून त्यातून पावती निघू नये आणि त्याची नोंद त्याच क्षणी महापालिकेकडे जावी, अशी तजवीज केली, तर पैसे नाण्यांत दिले काय किंवा मोबाइलवरून दिले काय, हिशेबात फरक पडावयाचा नाही.

याउलट मोबाइलने दिलेला पैसा आपोआप स्वच्छ असतो, हाही एक भ्रमच होय. खांबावर चिकटविलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे हे वाहनचालकास कसे कळावे? तो महापालिकेचा असेल, ठेकेदाराचा असेल किंवा पावती फाडणाऱ्याच्या मेहुण्याचाही असेल! अमेरिकेतील ऑस्टिन शहरात २०२२ च्या जानेवारीत सार्वजनिक पार्किंगच्या यंत्रांवर भामट्यांनी बनावट क्यूआर कोड चिकटविल्याचे पोलिसांस आढळून आले. लोक निमूटपणे पैसे भरीत होते आणि ते भलत्याच ठिकाणी जात होते. म्हणून कोड चिकटविलेला नसावा. प्रत्येक पावतीगणिक तो यंत्राच्या पडद्यावर उमटावा, त्यात रक्कम आधीच भरलेली असावी आणि खाते महापालिकेचे असावे. एवढे केल्यावर यूपीआयचे गुण आम्ही मुक्तकंठाने मान्य करू. २०१६ साली सुरू झालेल्या या पद्धतीने सुट्या पैशांचा जुना तंटा जवळजवळ मिटविला. सात रुपयांसाठी दहाची नोट देऊन तीन रुपयांऐवजी गोळ्या-चॉकलेटे घेण्याची पाळी आता येत नाही. २०२० च्या जानेवारीपासून अशा देण्यावर दुकानदारास बँकेचे शुल्कही पडत नाही. त्यामुळे ‘ऑनलाइनला दोन रुपये जास्त’ असे कोणी म्हणू लागल्यास त्याला बिलकुल आधार नाही.

तळघरातल्या वाहनतळात मोबाइलला संदेशलहरी मिळत नाहीत आणि फिरणाऱ्या चक्राकडे पाहत माणूस उभा राहतो, मागून भोंगे वाजू लागतात. तेथे कार्ड बरे. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने आणलेले राष्ट्रीय सामायिक प्रवासकार्ड याच कामासाठी आहे. त्यातली रक्कम कार्डावरच साठविता येते आणि बस, मेट्रो, वाहनतळ अशा सर्व ठिकाणी ते चालावे, हीच त्यामागची मूळ कल्पना. पुणे मेट्रोचे कार्डही त्याच जातीचे आहे. मेट्रो स्थानकाशी दुचाकी लावून पुढे जाणाऱ्यास दोन्हींसाठी एकच कार्ड पुरावे, यात अवघड ते काय? ज्यांना नित्य एकाच जागी वाहन लावावयाचे आहे त्या दुकानदारांस व नोकरदारांस मासिक पास असावा, हे तर उघडच आहे.

अ‍ॅपविषयी मात्र आमचे मत तितकेसे अनुकूल नाही. दर शहराचे निराळे अ‍ॅप, दर अ‍ॅपला नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक हवा. मग दहा रुपये देण्यासाठी दहा मिनिटे! इंग्लंडमधील वाहनचालक या अ‍ॅपांच्या सुळसुळाटाने इतके त्रासले की, तेथे सर्वांसाठी एकच सामायिक मंच उभारण्याचा खटाटोप सरकारला हाती घ्यावा लागला. जगातले पहिले पार्किंगचे यंत्र १९३५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे बसले. ते ज्यांच्या कल्पनेतून निघाले ते कार्ल मॅगी हे गृहस्थ वृत्तपत्राचे संपादक होते, ही गोष्ट आम्हांस साहजिकच थोडी सुखावून जाते. त्यांचे यंत्र तासाला पाच सेंटचे नाणे मागे आणि आणखी काही विचारीत नसे. माणूस कोठे गेला, किती वेळ थांबला, ही माहिती त्याची स्वतःची आहे. तिच्या रक्षणासाठी २०२३ साली आपल्या संसदेने कायदा केला, तो वाहनतळाच्या फाटकाशी थांबतो असे ठेकेदारांनी समजू नये.

राहता राहिला रोख रकमेचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यान्वये नोट ही भारतात कोठेही कायदेशीर चलन आहे. सौद्याच्या आधी अट घातली असल्यास घेणारा ती नाकारू शकतो की नाही, यावर वकील मंडळी खुशाल वाद घालोत. सार्वजनिक संस्थेने त्या वादाच्या आडोशाला उभे राहणे शोभत नाही. पत्नीला दवाखान्यात घेऊन आलेले सत्तरीतले गृहस्थ, ज्यांचा मोबाइल केवळ बोलण्याच्या कामाचा. बाजारच्या दिवशी टेम्पो घेऊन आलेला भाजीवाला. बॅटरी संपलेला कोणीही – यांना फाटकावर अडवून ‘रोख चालत नाही’ असे सांगण्याचा अधिकार महापालिकेला कोणी दिला? आणि रोख देणाऱ्यावर जादा आकार बसविणे म्हणजे म्हातारपणावर कर बसविणेच होय.

तेव्हा पैसे कसे द्यावयाचे हे नागरिकाने ठरवावे. पावती द्यावयाची की नाही, हे ठरविण्याची मुभा मात्र कोणालाही नसावी. यासाठी नवा कायदा नको, नवी समिती तर नकोच. वाहनतळांच्या यापुढील निविदांत चार-सहा कलमे घातली तरी काम भागते. शुल्क थेट महापालिकेच्या खात्यात जावे आणि ठेकेदारास व्यवस्थेचा मोबदला मिळावा, उरलेल्या रकमेची मालकी नव्हे. पावतीवाचून घेतलेले शुल्क बेकायदा समजावे आणि अशा वेळी नागरिकास वाहन विनामूल्य बाहेर काढता यावे. तसा फलक दरांच्या फलकाशेजारी मोठ्या अक्षरांत लावावा. यंत्र बंद पडल्यास हातपावती, स्थळप्रतीसह. आणि दर महिन्यास प्रत्येक वाहनतळावर किती वाहने आली व किती रक्कम जमली, तो आकडा महापालिकेने प्रसिद्ध करावा. तो छापावयास आमच्या पत्रात जागा नेहमीच राहील.