सबब न सांगणारा गोलकीपर

दिनो झॉफ लहानपणी एकदा गोल खाऊन घरी आला आणि वडिलांना म्हणाला, तो पोरगा तिथून फटका मारेल असं वाटलंच नव्हतं. वडील शेतकरी, मोजकं बोलणारे. त्यांनी विचारलं, का रे, तू गोलकीपर आहेस की औषधांच्या दुकानात बसतोस? हा किस्सा झॉफनेच पुढे सांगितला. समोरचा फटका मारणारच, हे धरून चालणं हेच गोलकीपरचं काम. ‘वाटलं नव्हतं’ ही सबब गोलात चालत नाही. इटलीच्या ईशान्य टोकाला, मारियानो देल फ्रिऊली या खेड्यात मिळालेला हा धडा झॉफने मैदानावर आणि नंतर प्रशिक्षकाच्या बाकावर जन्मभर पाळला. म्हणून तो मला फुटबॉलमधल्या अनेक चमकत्या नावांपेक्षा मोठा वाटतो.

सुरुवात नकारानेच झाली. चौदाव्या वर्षी इंटर मिलान आणि युव्हेंटस या दोन्ही बड्या क्लबांनी उंची कमी म्हणून त्याला परत पाठवलं. आजीने रोज अंडी खाऊ घालून नातवाची उंची वाढवली, असं इटलीत अजून कौतुकाने सांगतात. 1961 मध्ये उदिनेझेकडून तो पहिल्या श्रेणीतला पहिला सामना खेळला आणि फिओरेन्तिनाने त्याच्यावर पाच गोल चढवले. मग मांतोव्हा, मग नेपोली. 1968 मध्ये इटली युरोपचं विजेतं झालं तेव्हा गोलात झॉफ होता. 1972 मध्ये, तिशीत, तो युव्हेंटसकडे आला. ज्यांनी पोरवयात नाकारलं होतं त्यांच्याचकडे. तिथे अकरा हंगामांत लीगचे 330 सामने झाले आणि झॉफ सगळेच्या सगळे खेळला. या काळात युव्हेंटसने सहा वेळा लीग जिंकली.

त्याच्या खेळात नेत्रदीपक उड्या फारशा नसायच्या. उडी मारायची वेळ येऊ नये, यासाठीच त्याची सगळी धडपड असे. फटका कुठून येणार हे ओळखून दोन पावलं आधीच सरकायचं, कोन कमी करायचा आणि चेंडू छातीशी घ्यायचा. पाहणाऱ्याला वाटावं, मारणाऱ्यानेच नेमका त्याच्या हातात मारला. 1972 ते 1974 या काळात इटलीच्या गोलात तो 1,142 मिनिटं एकही गोल न खाता उभा होता. ही मालिका ब्राझील किंवा जर्मनीने मोडली नाही. 1974 च्या विश्वचषकात हैतीच्या इमॅन्युएल सानोने मोडली.

1978 च्या विश्वचषकात मात्र लांबवरच्या फटक्यांनी त्याला हरवलं. नेदरलँड्सच्या आरी हानने, मग ब्राझीलच्या नेलिन्यो आणि दिर्सेऊ यांनी दुरून गोल मारले. म्हातारा झाला, याला आता दिसत नाही, अशी टीका झाली. तेव्हा तो 36 वर्षांचा होता. प्रशिक्षक एन्झो बेआरझोत यांनी त्याला काढलं नाही आणि त्यानेही कोणाकडे बोट दाखवलं नाही.

चार वर्षांनी, स्पेनमधल्या विश्वचषकात, तो कर्णधार होता. पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले, वर्तमानपत्रांनी संघाला सोलून काढलं, तेव्हा खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. संघाच्या वतीने बोलायला कर्णधार तेवढा उरला. सगळ्यांत कमी बोलणारा माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरं देऊ लागला.

5 जुलै 1982 चा, बार्सिलोनातल्या सारिया मैदानावरचा ब्राझीलविरुद्धचा सामना इटलीच्या रोसीच्या तीन गोलांसाठी लक्षात ठेवला जातो. मी त्याचं शेवटचं मिनिट पुन्हा पुन्हा पाहतो. इटली 3-2 ने पुढे. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी आहे. डावीकडून फ्री किक येते, ब्राझीलचा ऑस्कर उंच उडून चेंडू खाली, जमिनीकडे डोक्याने मारतो. झॉफ झेपावतो तो थेट गोलरेषेवर पडतो आणि चेंडू तिथेच दाबून धरतो. हात निसटला, चेंडू इंचभर मागे गेला, तर सगळं संपलं. ब्राझीलचे खेळाडू हात उंचावून गोल मागताहेत. पंच अब्राहम क्लाइन गोल देत नाहीत. चाळीस वर्षांच्या हातांनी चेंडू नुसता अडवला नाही, पकडून ठेवला. सहा दिवसांनी माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला 3-1 ने हरवून इटली जगज्जेता झाला. रेनातो गुत्तुझो या चित्रकाराने चषक उंचावणारे झॉफचे हात रंगवले आणि ते इटलीच्या टपाल तिकिटावर आले.

गोलकीपर पुढे प्रशिक्षक म्हणून क्वचितच नाव काढतो. झॉफने काढलं, पण दैवाने त्याला सहज काही दिलं नाही. 1988 मध्ये तो युव्हेंटसचा प्रशिक्षक झाला. 1982 मधला त्याच्या खोलीतला जोडीदार गाएतानो शिरेआ त्याचा सहायक होता. सप्टेंबर 1989 मध्ये पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा खेळ पाहायला शिरेआ पोलंडला गेला आणि तिथे मोटार अपघातात मरण पावला. ते दुःख पोटात घालून झॉफने त्याच हंगामात इटालियन कप आणि यूएफा कप जिंकून दिला. तरीही क्लबने त्याला निरोप दिला. त्याने गाजावाजा केला नाही; लाझियोकडे गेला, आधी प्रशिक्षक म्हणून, मग अध्यक्ष म्हणून.

युरो 2000 मध्ये तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. स्पर्धेच्या तोंडावर पहिला गोलकीपर बुफॉनचा हात मोडला, म्हणून त्याच्या जागी तोल्दो उभा राहिला. उपांत्य फेरीत, आम्स्टरडॅममध्ये, नेदरलँड्ससमोर पूर्वार्धातच इटलीचा एक खेळाडू बाहेर काढला गेला. उरलेल्या दहांनी सामना शूटआउटपर्यंत खेचला. सामन्यातल्या दोन आणि शूटआउटमधल्या चार अशा नेदरलँड्सच्या सहा पेनल्ट्यांपैकी पाच वाया गेल्या. त्यातल्या तीन तोल्दोने अडवल्या. ते श्रेय तोल्दोचंच. पण दहा माणसांनी न डगमगता वाट पाहायची असते, हे त्या संघाच्या अंगी मुरलेलं होतं आणि ते कोणाकडून आलं हे वेगळं सांगायला नको.

अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध भरपाई वेळेपर्यंत इटली 1-0 ने पुढे होता. फ्रान्सच्या विल्टोर्डने बरोबरी साधली आणि ट्रेझेगेच्या गोल्डन गोलने, म्हणजे सामना तिथेच संपवणाऱ्या गोलने, चषक गेला. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षनेते आणि मिलान क्लबचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी जाहीरपणे सुनावलं, की फ्रान्सच्या झिदानवर पहारा ठेवायचा हे हौशी प्रशिक्षकालाही कळलं असतं. झॉफने लगेच राजीनामा दिला. पराभवाची जबाबदारी तो नेहमीच घ्यायचा. पण आपल्या कामाचा असा अपमान निमूट सोसायचा नाही, हेही त्याने तितक्याच शांतपणे दाखवलं. मला यात रुसवा दिसत नाही. सबब न सांगणाऱ्या माणसालाच असा ताठ कणा परवडतो.

जानेवारी 2005 मध्ये, 62 व्या वर्षी, त्याने घसरणीला लागलेली फिओरेन्तिना हाती घेतली. त्रेचाळीस वर्षांपूर्वी पदार्पणात पाच गोल चढवणारा हाच तो क्लब. हंगामाच्या शेवटच्या दिवशी फिओरेन्तिना खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचली. असं वाचवण्याला चषक नसतो, मिरवणूक नसते. खेळाचं कौतुक करताना आपण गोल मोजतो; जे वाईट घडलं नाही, त्यामागे कोण उभं होतं, हेही मोजायला शिकलं पाहिजे. त्या मोजणीत झॉफचं नाव फार वर येईल.