ताडोबातला तारू

ताडोबाला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: वाघ दिसेल ना? ज्याच्या नावावरून या जंगलाला नाव मिळाले, त्या तारूची चौकशी मात्र क्वचितच होते. लोककथा सांगते, गोंड गावप्रमुख तारू वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे, पौषातल्या जत्रेची परंपरा आहे. राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, तारू त्याच्या कितीतरी आधीचा. आणि गंमत बघा वाचकहो, याच मुलखात वाघोबाही पुजला जातो. मारणारा आणि मरणारा, दोघांनाही शेंदूर! जंगलाशी असे नाते असलेली माणसे ते राखतातही. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद नवा होता, राखण जुनी. म्हणून जिप्सीत बसण्याआधी प्रत्येक पर्यटकाने तारूची कथा ऐकलीच पाहिजे, तीही इथल्याच गोंड माणसाच्या तोंडून. वनविभागाने या कथेसाठी प्रवेशद्वाराशी दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि सांगणाऱ्याला गाइडइतकेच मानधन द्यावे.