काळ्या भांड्यावरची चांदी



आपल्या नांदेड-लातूरकडची माणसे दवाखान्यासाठी, मजुरीसाठी, लग्नाच्या खरेदीसाठी हैदराबादला जातात. चारमिनार पाहतात आणि परत येतात. पुढच्या खेपेला लेकराबाळांना घेऊन सालारजंग म्युझियममध्येही जरूर जा, असे आम्ही सांगू. काळ्याभोर धातूवर चांदीची फुले-वेली उमटवलेली भांडी तेथे मांडलेली आहेत. हुक्क्याची बुडे, पानदाने, पिकदाण्या, सुरया. त्यांतली पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातली. हीच ती बिदरी भांडी.

बिदर आपल्याला परका मुलूख नाही. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात आले. कागदावर रेघ पडली, पण उदगीरहून बिदरला रेल्वे आजही जाते. तेव्हा ही कला आपल्या शेजारच्या आळीतली आहे असेच समजा.

हे भांडे होते कसे? जस्तात थोडे तांबे मिसळतात. साधारण सोळा भाग जस्त, एक भाग तांबे. मातीच्या साच्यात ओतकाम होते. मग कानशीने घासून अंग गुळगुळीत करायचे आणि मोरचुदाचे पाणी लावून तात्पुरते काळे करायचे, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. नक्षी हाताने काढतात. छिन्नीने ती रेघ न् रेघ खोदतात आणि खाचेत चांदीची तार किंवा पत्रा हलक्या हाताने ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात.

खरी गंमत शेवटी आहे. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती, जिला वर्षानुवर्षे ऊन-पाऊस लागलेला नाही ती, नवसागराच्या पाण्यात कालवतात आणि तापवलेल्या भांड्यावर चोळतात. धातू कायमचा काळा होतो, चांदीला मात्र डागसुद्धा लागत नाही. माती योग्य आहे की नाही हे कारागीर जिभेवर चव घेऊन ठरवतात. ही विद्या कोणत्या पुस्तकातून आली नाही. काम करता करता जिभेला आणि बोटांना आली.

१८५१ साली लंडनमध्ये जगभरच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. साठ लाखांवर लोकांनी ते पाहिले. बिदरी भांडी तेथे मांडलेली होती. तिकडच्या मोठ्या संग्रहालयांत ती आजही जपून ठेवलेली आहेत. खाली चिठ्ठीवर गाव लिहिलेले असते, शतक लिहिलेले असते, कधी देणगी देणाऱ्याचे नावही असते. घडवणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी नसते.

आता त्या पिकदाणीकडेच पाहा. कोणीतरी दिवसच्या दिवस मान खाली घालून, डोळे ताणून तिच्यावर एकेक पाकळी बसवली. कशासाठी? तर कुण्या जहागीरदाराने पान खाऊन तिच्यात पिंक टाकावी म्हणून. जहागिरी गेली, पान खाणारा गेला, हुक्काही गेला. राहिले ते त्या हाताचे काम. आणि नेमके त्या हाताचेच नाव आपल्याला ठाऊक नाही!

काळ थोडा पालटला आहे. २००६ साली बिदरी कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. कारागिराचे नाव राष्ट्रपती भवनात पुकारले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्या मायबहिणींसाठी दोन कामाच्या गोष्टी. घरात एखादे बिदरी भांडे असेल तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. आंबट लागले की जस्त खाल्ले जाते आणि काळा रंग उतरतो. मऊ फडक्याने थोडे तेल लावून पुसले तरी ते उजळते. दुसरे, जुनी वस्तू भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्याआधी कोणा जाणत्याला दाखवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ती परदेशी विकायला खासगी माणसाला बंदी आहे.

आमच्या घरात कसल्या आल्यात चांदीच्या वेली, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण जाते असेल, पाटा असेल, आजीची वाकळ असेल. ते जाते कोणी घडवले, त्याला टाकी लावायला कोण येत असे, ती वाकळ कोणाकोणाच्या लुगड्यांची शिवली, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून घरात आहेत. येत्या रविवारी लेकरांच्या हातात वही द्या आणि आजीजवळ बसवा. म्युझियमच्या चिठ्ठीवर जे नाव राहून गेले, ते निदान आपल्या घरच्या वहीत तरी राहून जाऊ नये.